हात सुटला, गॅस सुटला: पेंटबॉलच्या दोन गेममध्ये मार्करचं प्रेशर काढायचं की नाही?



कृषी पर्यटनावरच्या व्हिडिओंनंतर मुरबाड-शहापूर पट्ट्यातून एक विचारणा वारंवार येते. "सर, घरची दोन-तीन एकर माळाची जागा आहे. भात तिथे होत नाही. शनिवार-रविवारी कल्याण-डोंबिवलीची पोरं या रस्त्याने फिरायला येतात. पेंटबॉल टाकू का?" विचारणारा धसईचा असेल तर त्याचा हिशेब चुकीचाही नसतो. गोरखगडाला जाणारे ट्रेकर म्हसा-धसईवरून देहरीकडे जातात, पावसाळ्यात माळशेजला गर्दी असते, आणि या लोकांना चढण उतरल्यावर दोन तास काहीतरी हवं असतं.

ज्यांनी पेंटबॉल आधीच सुरू केलंय, त्यांचा प्रश्न पुढचा असतो. "दोन गेमच्या मध्ये प्रत्येक मार्करमधला गॅस काढायचा का? की सेफ्टी लावली, नळीवर कव्हर चढवलं आणि टेबलावर ठेवलं, की झालं?"

प्रश्न दोन मिनिटांचा वाटतो. माझ्या मते धंदा टिकणार की नाही हे ठरवणाऱ्या पाच-सहा प्रश्नांपैकी तो एक आहे. म्हणून आज एवढ्या एकाच विषयावर लिहितो.

आधी माझं मत सांगून टाकतो. मार्कर खेळाडूच्या हातात आहे, तोंडावर मास्क आहे, तो मैदानाच्या आतच उभा आहे आणि पुढचा गेम लगेच सुरू होणार आहे, तर गॅस राहू द्या. सेफ्टी आणि नळीचं कव्हर पुरे. पण मार्कर हातातून सुटला, म्हणजे टेबलावर गेला, रॅकवर गेला, दुरुस्तीला गेला, गाडीत गेला, जेवणाची सुट्टी झाली किंवा ग्रुप बदलला, की गॅस काढायचाच. यात "आज गर्दी आहे, आजच्या दिवस राहू दे" चालणार नाही. लक्षात ठेवायला सोपं: हात सुटला, गॅस सुटला.

आता हे का, ते नीट बघू.

आत नेमकं किती प्रेशर असतं?

आपल्याकडे सगळे त्याला "गन" म्हणतात. त्याचं खरं नाव मार्कर, म्हणजे खूण करणारं अवजार. अमेरिकेत वनखात्याची माणसं झाडांवर आणि पशुपालक गुरांवर लांबून रंगाची खूण करायला ते वापरत. नेल्सन नावाच्या रंगाच्या कंपनीचं नेलस्पॉट 007 हे त्यातलं जुनं मॉडेल. 1981 च्या जूनमध्ये न्यू हॅम्पशायरच्या जंगलात 12 जणांनी तेच अवजार एकमेकांवर रोखून पहिला खेळ खेळला आणि तिथून हा धंदा उभा राहिला. सांगायचा मुद्दा असा, की हे खेळण्याच्या दुकानातून आलेलं खेळणं नाही. कामाचं अवजार होतं, पुढे त्याचा खेळ झाला.

आता आकडे बघा. तुमच्या मोटारीच्या चाकात साधारण 30 ते 35 पीएसआय हवा असते. पंक्चरवाला कॉम्प्रेसरवर काम करतो तो 100-150 पीएसआयच्या घरात, आणि तरी तो ट्रकचं चाक भरताना थोडा बाजूला उभा राहतो. पेंटबॉलच्या कार्बन डायऑक्साइडच्या टाकीत 20 अंश तापमानाला 800 पीएसआयहून जास्त दाब असतो. हाय प्रेशर एअरची टाकी असेल तर आत 3000 किंवा 4500 पीएसआय, आणि तिचा रेग्युलेटर तो कमी करून बहुतेक वेळा 800 च्या आसपास मार्करला देतो. म्हणजे टेबलावर "शांत" पडलेल्या प्रत्येक मार्करमध्ये मोटारीच्या चाकाच्या वीसपटीहून जास्त दाब अडकलेला असतो.

त्या दाबाने सुटणारी गोळी .68 कॅलिबरची, म्हणजे 17 मिलिमीटरच्या आसपास, मोठ्या गोटीएवढी. बाहेरच्या मैदानांवर सेकंदाला 300 फूट ही जगभर मानलेली कमाल वेगमर्यादा आहे आणि भाड्याने मार्कर देणारे बहुतेक लोक ती 280 किंवा त्याखाली ठेवतात. 280 फूट म्हणजे ताशी 300 किलोमीटरच्या वर. पाठीवर बसली तर निळा डाग पडतो आणि चार दिवसांनी जातो. डोळ्याचं गणित वेगळं आहे. 17 मिलिमीटरची गोळी खोबणीच्या हाडाला न अडकता थेट डोळ्यावर बसू शकते.

आणि हे लक्षात घ्या, की पेंटबॉलमधल्या डोळ्यांच्या गंभीर दुखापती बहुतेक वेळा मास्क तोंडावर नसताना होतात. गेम चालू असताना सगळ्यांच्या तोंडावर मास्क असतो. तो निघतो कधी? गेम संपल्यावर. घाम पुसायला, पाणी प्यायला, सेल्फी काढायला. म्हणजे आपला प्रश्न ज्या वेळेबद्दल आहे, नेमक्या त्याच वेळी डोळे उघडे असतात.

सेफ्टी आणि कव्हर का पुरत नाही?

सेफ्टीचं बटण ट्रिगर अडवतं, एवढंच. आत स्प्रिंगवर ताणलेला हॅमर एका छोट्या धातूच्या तुकड्याने अडवून धरलेला असतो. भाड्याचे मार्कर वर्षाला शेकडो हातांतून जातात. तो तुकडा झिजला असेल आणि मार्कर टेबलावरून शहाबादी फरशीवर पडला, तर सेफ्टी लावलेली असूनही तो सुटू शकतो.

नळीचं कव्हर, ज्याला बॅरल सॉक म्हणतात, चांगली गोष्ट आहे. ते गोळी अडवतं. पण त्याची दोरी सैल होते, पावसात भिजून लांबते, आणि मुख्य म्हणजे लोक ते काढतात. फोटोत कव्हर चांगलं दिसत नाही म्हणून पहिलं तेच निघतं.

तिसरा गैरसमज सगळ्यात वाईट. "हॉपर काढला की मार्कर रिकामा." नाही. वरचा डबा काढला तरी एक गोळी नळीच्या तोंडाशी बसलेली असू शकते. दुखापतीला एकच लागते.

आता विचार करा. सेफ्टी, कव्हर आणि मास्क, या तिन्ही गोष्टी कोणीतरी लक्ष दिलं तरच काम करतात. दिवसभरात ते लक्ष एकदा तरी सुटणार. मार्करमध्ये गॅसच नसेल तर बटण कुठे आहे, कव्हर आहे की नाही, आत गोळी राहिली का, यातलं काहीही चुकलं तरी गोळी उडत नाही. घरातला कुकर आठवा. चुलीवरून उतरवला, तरी वाफ गेल्याशिवाय आई झाकणाला हात लावत नाही. घरात लहान मूल असेल तर तोवर कुकर ओट्याच्या आतल्या बाजूला सरकवते. "शिट्टी व्यवस्थित आहे" या भरवशावर ती राहत नाही.

समोरच्या बाजूचं म्हणणं

ज्यांना हे पटत नाही, ते काही आळशी लोक नाहीत. त्यांची कारणं खरी आहेत. ती एकेक करून घेऊ.

पहिलं कारण: गॅस वाया जातो. धसईत बसून गॅस भरून आणायचा म्हणजे गाडी, डिझेल आणि अर्धा दिवस. हे मान्य. पण वाया जातो किती? टाकी बंद केल्यावर टाकीतला गॅस टाकीतच राहतो. बाहेर जातो तो फक्त टाकीचा व्हॉल्व्ह आणि बोल्ट यांच्या मध्ये अडकलेला, म्हणजे तीन-चार फायरपुरता. 20 औंसची टाकी साधारण 800 ते 1000 फायर देते. चार फायर म्हणजे अर्ध्या टक्क्याच्याही आत. दिवसात सहा वेळा गॅस काढला तरी तीन टक्के. रिकाम्या हॉपरने हवेत टकटक करणारा एक उत्साही गिऱ्हाईक याहून जास्त गॅस उडवतो.

दुसरं कारण: टाकी सारखी काढली-लावली की ओ-रिंग फाटते. हे खरं आहे, पण अर्धं. ओ-रिंग फाटते ती दाब असताना टाकी एकदम पूर्ण फिरवून काढल्यामुळे. बाहेर येणारा गॅस रिंगला कापून बाहेर फेकतो. टाकी आधी थोडी, पाऊण फेरा फिरवा. व्हॉल्व्हची पिन वर येते आणि टाकी आतून बंद होते. मग सुरक्षित दिशेला दोन-चार रिकामे फायर करून मार्करमधला गॅस संपवा आणि नंतर टाकी पूर्ण काढा. असं केलं तर रिंग टिकते. तरीही ती बदलावी लागलीच, तर अख्ख्या मार्करमधला तो सगळ्यात स्वस्त भाग आहे. पाकीटभर आणून ठेवा.

तिसरं कारण सगळ्यात वजनदार आहे आणि ते सहसा कोणी बोलत नाही: टाकी काढण्यातच धोका आहे. 2004 मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने पेंटबॉलच्या सीओटू टाक्यांबद्दल जाहीर इशारा दिला होता. टाकी फिरवून काढताना व्हॉल्व्ह मार्करमध्येच राहिला आणि टाकी व्हॉल्व्हमधून सुटली. सुटलेली टाकी उडाली. अशा घटनांत दोन माणसं गेली होती. म्हणजे "गॅस काढा" एवढं सांगून मी गप्प बसलो, तर अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होईल.

यावर दोन उपाय आहेत. पहिला फुकटचा: टाकी आणि तिचा व्हॉल्व्ह जिथे जोडले जातात तिथे दोन्हींवरून जाणारी एक सरळ रेघ ऑइल पेंटने किंवा नेलपॉलिशने मारून ठेवा. टाकी फिरवताना रेघ अखंड राहिली तर दोन्ही बरोबर फिरतायत. रेघ तुटली, म्हणजे टाकी फिरतेय आणि व्हॉल्व्ह जागेवर आहे, तर तिथेच थांबा, उलट फिरवून घट्ट करू नका, माणसं लांब करा आणि जाणकाराला बोलवा. टाकीचा व्हॉल्व्ह घरच्या पान्याने कधीही खोलायचा नाही. दुसरा उपाय खर्चाचा, पण एकदाच: मार्कर घेतानाच टाकीच्या जोडणीला ऑन-ऑफ लिव्हर असलेला घ्या किंवा ती जोडणी बदलून घ्या. मग दिवसभरात टाकी काढायची गरजच पडत नाही. लिव्हर बंद करा, उरलेला गॅस फायर करून सोडा, झालं. काही लिव्हर तर बंद करताना उरलेला गॅस स्वतःच सोडतात. दहा-बारा मार्करचं बजेट करताना रंगीबेरंगी जॅकेटांचे पैसे कमी करा, पण या लिव्हरचे नको.

चौथं कारण: वेळ. रविवारी बाहेर तीन ग्रुप ताटकळत असतात. ठीक, हिशेब करू. समजा 12 मार्कर आहेत. लिव्हरवाल्या एका मार्करला 20 सेकंद धरा. एकटा मुलगा असेल तर चार मिनिटं, दोघे असतील तर दोन. दिवसाला सहा ग्रुप म्हणजे दोघांची मिळून 12 मिनिटं. या 12 मिनिटांचं काय करायचं, ते पुढे सांगतो. ती फुकट जात नाहीत.

मग प्रत्येक वेळी का नको?

काही जण म्हणतील, सर, एवढं आहे तर प्रत्येक गेमनंतर काढायला लावा की. मी तसं सांगत नाही, त्याला कारण आहे.

एका ग्रुपचे तीन-चार छोटे गेम होतात. एक संपला, बाजू बदलल्या, दोन मिनिटांत दुसरा सुरू. खेळाडू मैदानातच, मास्क तोंडावर, मार्कर हातात, शेजारी तुमचा माणूस. अशा वेळी दर खेपेला गॅस काढायला लावलं तर पोरं कंटाळतील, घाईत करतील आणि आठवड्याभरात नियमच सोडून देतील. जो नियम पाळला जात नाही तो नसलेल्या नियमापेक्षा वाईट, कारण मालकाला वाटतं सगळं नीट चाललंय. म्हणून रेघ अशी ओढायची की ती डोळ्यांना दिसेल. मैदानाच्या दाराची चौकट ही ती रेघ. आत मास्क काढायचा नाही. बाहेर गॅस भरलेला मार्कर आणायचा नाही. दारातून बाहेर येणारा प्रत्येक मार्कर आधी रिकामा होणार.

आपल्या भागाची तीन कारणं

परदेशी व्हिडिओ बघून लोक म्हणतात, "तिकडे तर मार्कर गॅससकट रॅकवर ठेवतात." ठेवत असतील. आपल्याकडची परिस्थिती बघा.

एक, ऊन. एप्रिल-मे महिन्यात मुरबाडच्या माळावर पारा चाळिशीच्या आसपास जातो आणि पत्र्याखाली त्याहून वर. कार्बन डायऑक्साइडचा स्वभाव असा, की 31 अंशांच्या वर तो द्रव म्हणून राहतच नाही आणि भरलेल्या टाकीतला दाब झपाट्याने चढतो. टाकीला बर्स्ट डिस्क नावाची एक पातळ चकती असते, ती दाब फार वाढला की फुटून गॅस सोडते. ती फुटते तेव्हा होणारा आवाज आणि बर्फगार फवारा बघून शेजारचा माणूस हातातला मार्कर टाकूनच देणार. शिवाय उन्हात तापलेला मार्कर गोळी जास्त वेगाने फेकतो. सकाळी क्रोनोग्राफवर 270 दाखवणारा मार्कर दुपारी तेवढंच दाखवेल असं समजू नका. म्हणून जेवणाच्या सुट्टीत गॅस काढा, टाक्या सावलीत ठेवा आणि दुपारच्या पहिल्या गेमआधी वेग पुन्हा मोजा.

दोन, गिऱ्हाईक. तुमच्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आयुष्यात पहिल्यांदा मार्कर हातात घेतलेला असतो. सोबत कुटुंब असतं, लहान मुलं असतात. कृषी पर्यटनाचं केंद्र म्हणजे मूल मोकळं सोडण्याची जागा, आईबाप त्याचसाठी येतात. टेबलावर "बंदूक" दिसली की सहा वर्षांचं पोर काय करणार, हे सांगायला मानसशास्त्रज्ञ नको.

तीन, दवाखाना. डोळ्याला मार बसला तर तासाला किंमत असते. धसईहून मुरबाड, मुरबाडहून कल्याणच्या बाजूला डोळ्यांचा सर्जन, आणि रविवार संध्याकाळची वाहतूक. हे अंतर तुम्ही कमी करू शकत नाही. त्यामुळे अपघात होऊच न देण्यावर शहरातल्या मैदानापेक्षा तुमचा खर्च जास्त व्हायला हवा.

पद्धत: सात पायऱ्या

हे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून मैदानाच्या दारात लावा.

1. शेवटची शिट्टी झाली तरी मास्क तोंडावरच. "मास्क काढा" हे फक्त आपला माणूस सांगेल.
2. सगळे एका रांगेत, मार्करचं तोंड मातीच्या बांधाकडे किंवा जाळीकडे.
3. हॉपर काढा. हे आधी, नाहीतर रिकामं फायर करताना नवी गोळी आत येते.
4. बांधाकडे एक-दोन फायर करून नळीतली गोळी बाहेर काढा.
5. लिव्हर बंद करा. लिव्हर नसेल तर रेघ बघत टाकी पाऊण फेरा फिरवा.
6. फुसका आवाज येईपर्यंत रिकामे फायर करा. आवाज बंद म्हणजे गॅस संपला. टाकी काढायची असेल तर आता काढा.
7. सेफ्टी लावा, नळीवर कव्हर चढवा, मार्कर रॅकवर. बारा गेले होते, बारा परत आले का, मोजा. मग म्हणा, "मास्क काढा."

गॅस काढल्यावरही कव्हर कशाला, असं पोरं विचारतील. विचारू द्या. गॅस काढणं हे कव्हरऐवजी नाही, कव्हरच्या जोडीला आहे.

रात्री टाक्या मार्करपासून वेगळ्या, सावलीत, कुलपात. "थोडं प्रेशर ठेवलं की सील बसून राहतात" असं म्हणणारे भेटतील. पण मार्कर बनवणाऱ्या कंपन्यांच्या पुस्तिका उघडून बघा. ठेवताना गोळ्या काढा, गॅस काढा, मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवा, हेच सांगितलेलं असतं. दुरुस्तीचंही तसंच. गॅस असलेल्या मार्करचा एकही स्क्रू सैल करायचा नाही.

मशीन एका दिवसात येतं, सवय रोज लावावी लागते

धसईकरांना हे वेगळं सांगायला नको. 1 डिसेंबर 2016 ला धसई राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं. अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार आले, बँक ऑफ बडोदा आणि स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारकाच्या पुढाकाराने दुकानांत स्वाइप मशीन आली, देशभरात गावाचं नाव झालं. पुढच्या काळात त्याच बाजारात रोख परत आल्याच्या बातम्याही आल्या. मला यात गावाचा दोष दिसत नाही. मशीन देणं हे एका दिवसाचं काम आहे. नेटवर्क नसताना, गर्दी असताना, गिऱ्हाईक घाई करत असताना ते वापरत राहणं हे रोजचं काम आहे, आणि त्यासाठी कार्यक्रम होत नाही.

तुमच्या मैदानाचंही असंच होणार. पहिल्या महिन्यात सगळे सात पायऱ्या करतील. चौथ्या महिन्यात, मेच्या सुट्टीत, चार ग्रुप उभे असताना, जो मुलगा दारात असेल तो तुमच्याकडे बघेल. तुम्ही "चल चल, आवर" म्हणालात तर नियम त्या क्षणी संपला. तुम्ही थांबलात, तर तो पुढे तुमच्या नसण्यातही पाळला जाईल. हा नियम पोरांसाठी कमी आणि मालकासाठी जास्त आहे.

म्हणून काम एकाच्या नावावर द्या. "सगळ्यांनी बघा" म्हणजे कोणीच बघत नाही. दारावरचा जो असेल त्याला त्या दिवसापुरता मालकाहून मोठा अधिकार द्या: गॅस काढल्याशिवाय मार्कर बाहेर येणार नाही, मग समोर सरपंच असोत की मालकाचा मेहुणा.

आणि धंद्याचं काय?

आता त्या 12 मिनिटांकडे येऊ. पेंटबॉलच्या धंद्यात खरी कमाई तिकिटात कमी आणि जादा गोळ्यांत जास्त असते. गोळ्या कधी विकल्या जातात? गेम चालू असताना नाही, मधल्या वेळात. एक मुलगा मार्कर रिकामे करतोय तोवर दुसरा विचारतो, "अजून एक राउंड? गोळ्या देऊ?" उन्हाळ्यात कैरीचं पन्हं, ताक, पावसाळ्यात चहा, गरम भजी. मास्कच्या काचा पुसून देता येतात. ज्याला तुम्ही खोळंबा म्हणता ते तुमचं दुकान उघडं असण्याचं वाकडं-तिकडं पण नक्की वेळापत्रक आहे.

शिवाय लोक बघत असतात. ज्या बाईने आपल्या दोन मुलांना तुमच्या ताब्यात दिलंय, तिला सात पायऱ्या समोर होताना दिसल्या की ती सोसायटीच्या ग्रुपवर जे लिहील ते कुठल्याही जाहिरातीत मिळणार नाही. शाळा आणि कंपन्यांच्या सहली आणायच्या असतील तर त्यांचा पहिला प्रश्न सुरक्षेचाच असतो.

कागदही नीट करा. गॅस सिलिंडर नियम 2016 मध्ये 500 मिलिलीटरपेक्षा जास्त क्षमतेचं भांडं सिलिंडर धरलं जातं, आणि 20 औंसची टाकी त्यात बसते. म्हणून टाकीवरचे शिक्के बघून घ्या, चाचणीची मुदत पाळा, मुदत संपलेली टाकी भरू नका. राज्याचं साहसी पर्यटन धोरण 2021 चं आहे. नोंदणीसाठी पर्यटन संचालनालयाकडे जा आणि तुमचा उपक्रम त्यात कसा बसतो ते लेखी विचारा. स्थानिक पोलीस ठाण्यालाही कळवून ठेवा. पब्लिक लायबिलिटी विमा घ्या. आणि एक गैरसमज काढून टाका: गिऱ्हाइकाची सहमतीपत्रावर सही घेतली म्हणजे आपण मोकळे, असं होत नाही. तुमचा निष्काळजीपणा असेल तर ती सही तुम्हाला वाचवेलच असं नाही. उद्या काही झालं तर विचारलं जाईल की तुमची पद्धत काय होती आणि ती पाळली जात होती का. दारातला तो कागद आणि रोजची मोजणीची वही, हे तुमचं उत्तर.

पेंटबॉल टाकू नका असं मी म्हणत नाहीये. जागा आहे, रस्ता आहे, गिऱ्हाईक आहे, घरची पोरं कामाला आहेत. जरूर टाका. पण पहिला मार्कर विकत घ्यायच्या आधी दाराची चौकट कुठे असणार आणि तिथे कोण उभा राहणार, हे ठरवा. त्या जागेसाठी माणूस मिळत नसेल, तर यंदाच्या हंगामात तिरंदाजी आणि झिपलाइनची चौकशी करण्यापेक्षा सरळ चुलीवरचं जेवण आणि भातलावणीचा अनुभव विका. त्यातही पैसे आहेत. माणूस मिळाला की पेंटबॉल पुढच्या वर्षी.

तुमच्या मैदानावर काय पद्धत आहे ते जरूर कळवा. सात पायऱ्यांचा कागद तुमच्या पोरांच्या भाषेत लिहून काढा, माझ्या नको. त्यांनी लिहिलेला ते पाळतील.